बंदूक नंतर, आधी काच

मुंबईत हिंदमाताला कपड्यांच्या खरेदीला आलेली माणसं जाता जाता माझ्या चष्म्याच्या दुकानात डोकावतात. कुणाची काडी सैल झालेली असते, कुणाला नाकाची पॅडं बदलून हवी असतात. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या घोळक्यातले आजोबा तर हमखास माझ्याकडे येऊन टेकतात. अशाच एका शनिवारी एक बाबा आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा बारा वर्षांचा, दोन्ही डोळ्यांना उणे तीन नंबर. त्याची वाकलेली फ्रेम सरळ करता करता बोलणं सुरू झालं.

"काका, पुढच्या रविवारी याचा वाढदिवस. बिल्डिंगमधली दहा मुलं घेऊन कर्जतच्या बाजूला जातोय, पेंटबॉल खेळायला. याला स्वतःची गन हवीय. ही बघा, कशी आहे?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. एकामागून एक सात-आठ गन. किंमत, लांबी, गोळ्या किती मावतात, कुठवर जाते, सगळी चौकशी त्यांनी केली होती. मुलाला तर सगळं पाठच होतं. मी विचारलं, "आणि मास्क?"

"तो देतील की तिथे."

आई-बाबांनो, आजचं हे हितगुज त्या चार शब्दांपायी आहे. ते बाबा निष्काळजी नव्हते. मुलाचा नंबर दर सहा महिन्यांनी तपासून घेणारा माणूस. पण गन निवडायला त्यांनी चार रात्री घातल्या आणि डोळ्यांवर येणारी काच अनोळखी माणसाच्या टोपलीवर सोडून दिली. हे मी फार वेळा बघितलंय, म्हणून पोटतिडकीनं सांगतोय.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पेंटबॉलची गोळी म्हणजे जिलेटिनच्या पातळ कवचात भरलेला, पाण्यानं धुतला जाणारा रंग. औषधाची कॅप्सूल असते ना, तशीच जात. दाबाखालच्या हवेनं किंवा कार्बन डायऑक्साइडनं ती नळीतून सुटते, अंगावर फुटते आणि डाग पडला की तो खेळाडू बाद. खेळणारे गनला मार्कर म्हणतात, कारण मूळ काम खूण करण्याचंच होतं. अमेरिकेत जंगलातल्या तोडायच्या झाडांवर आणि कळपातल्या गुरांवर लांबून रंगाची खूण करायला ती बनवली गेली. माणसांनी तिचा पहिला डाव मांडला तो जून १९८१ मध्ये, न्यू हॅम्पशर राज्यातल्या हेनिकर गावाजवळच्या रानात, बारा जणांनी. जिंकला रिची व्हाइट नावाचा, जंगलात काम करणारा गडी. त्यानं एकही गोळी न झाडता झेंडे गोळा केले. हे मी मुलांना मुद्दाम सांगतो. लपणं, वाट ओळखणं, सोबत्याला आडोसा देणं, यात या खेळाची गंमत आहे. ती मुलांना मिळावी असं मला मनापासून वाटतं. मुलांना घरात बसवून ठेवा असं माझं म्हणणं मुळीच नाही.

आता काचेकडे वळण्याआधी हाडाबद्दल बोलू. तुमचा अंगठा भुवईवर ठेवा आणि डोळ्याभोवती गोल फिरवा. भुवई, कानशिलाची कड, गालाचं हाड, नाकाचा कणा. निसर्गानं डोळ्याला ही हाडाची चौकट दिलीय. तिचं तोंड मोठ्या माणसात साधारण ४ सेंटीमीटर रुंद आणि साडेतीन सेंटीमीटर उंच असतं. क्रिकेटचा सीझनचा चेंडू ७ सेंटीमीटरहून थोडा मोठा. तो तोंडावर आदळला तर हाड मोडेल, डोळा काळानिळा होईल, पण चेंडूचा बराचसा मार ही चौकट झेलते. पेंटबॉलची गोळी १७ मिलिमीटरची. आपल्या खेळातल्या गोटीएवढी. ती चौकटीला शिवतसुद्धा नाही, थेट आत जाते आणि सगळा जोर बुबुळावर ओतते. बॅडमिंटनच्या फुलाचं टोकही लहान असतं, म्हणून तेही डोळ्याला वाईट. पण फूल हवेत मंदावतं. ही गोळी नळीतून सुटताना सेकंदाला ३०० फुटांपर्यंत वेगात असू शकते, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. वेगवान गोलंदाज दीडशेला पोचला की आपण टाळ्या वाजवतो.

एवढ्या जोरानं डोळ्याच्या आत काय होतं? पुढच्या कप्प्यात रक्त साठतं, भिंग जागचं सरकतं, पडदा फाटतो. आणि एक गोष्ट अशी, जी घरच्यांना फार उशिरा कळते. डोळ्याच्या आतलं पाणी वाहून जाण्याची जी बारीक वाट असते, ती माराने बिघडते. डोळा बरा होतो, दिसू लागतं, सगळे विसरतात, आणि काही वर्षांनी आतला दाब वाढून काचबिंदू होतो. तो दुखत नाही. कडेची नजर हळूहळू खाऊन टाकतो.

हे सगळं टाळायला जगभर एकच उपाय आहे, मास्क, आणि तो पक्का आहे. या खेळात डोळ्याच्या ज्या मोठ्या दुखापती नोंदल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक मास्क नसताना किंवा काढलेला असताना झालेल्या आहेत. चांगला मास्क तोंडावर असताना हा खेळ दणकट असला तरी सुरक्षित आहे. म्हणून मी म्हणतो, गन नंतर बघा.

माझ्या वडिलांनी हे दुकान काढलं तेव्हा परळ-लालबागच्या गिरण्या चालू होत्या. साचाखात्यातले कामगार त्यांच्याकडे चष्म्याला यायचे. साच्यावर, म्हणजे मागावर, धोटा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा इकडून तिकडे धावतो. लाकडाचा, दोन्ही टोकांना धातू बसवलेला. कधी तो वाट सोडून उडायचा आणि समोरच्या साचेवाल्याच्या तोंडावर यायचा. तो उडू नये म्हणून साच्याला आडवा अडसर असतो. बाबा सांगायचे, अडसर असायचा, पण तुटलेला धागा जोडताना मध्ये येतो म्हणून काही जण तो वर करून ठेवायचे. एका डोळ्यानं आयुष्य काढणारे दोन कामगार मी लहानपणी या दुकानात पाहिलेत. त्यांच्या चष्म्याची एक काच बाबा घासून नंबरची करायचे आणि दुसरी नुसती साधी लावायचे. अडचण होते म्हणून बाजूला केलेलं झाकणच घात करतं, हे मी तिथून शिकलो. मुलं मास्क काढतात ती याच कारणानं. धाडस म्हणून काढणारी क्वचित. घाम आला, वाफ धरली, चष्मा टोचला, दिसेना, म्हणून काढतात.

तेव्हा मैदानावर पोचलात की मुलाच्या हातात मास्क देण्याआधी तो तुम्ही हातात घ्या. घाई करू नका, मागची रांग थांबेल.

काच आभाळाकडे धरा आणि थोडी तिरकी करा. मधले बारीक ओरखडे दिसतीलच, त्यांनी फक्त नजर अंधूक होते. खरी नजर कडेला टाका, जिथे काच खोबणीत बसते तिथे. केसासारखी पांढरी रेघ, कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी, एखादा पांढुरका डाग दिसला तर तो मास्क बाजूला ठेवा. या काचा पॉलिकार्बोनेटच्या असतात. पॉलिकार्बोनेट मार खाण्यात पटाईत, पण रसायनाला फार नाजूक. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं पाणी, आरसे पुसायचा अमोनियावाला फवारा यांनी ती आतून तडकत जाते. एखाद्यानं रंग चटकन निघावा म्हणून असलं काही वापरलं असेल तर काच वरून चकचकीत दिसेल आणि गोळीनं फुटेल. साधं पाणी आणि मऊ कापड, याशिवाय तिला काही लावायचं नसतं. जवळून जोरात गोळी बसलेली काच आणि वर्षाहून जुनी काच बदलावी, असा या खेळातला चांगला रिवाज आहे. मैदानवाल्याला सरळ विचारा, काचा कधी बदलल्या? चांगला मैदानवाला या प्रश्नाला रागावत नाही.

मग दोन्ही अंगठ्यांनी काच आतून बाहेर दाबा. ती खोबणीतून हलता कामा नये. मागचा पट्टा ताणून सोडा, इलास्टिक झटक्यात परत यायला हवं. सैल पडलेलं इलास्टिक म्हणजे धावताना वर सरकणारा मास्क. हनुवटीखाली दुसरा पट्टा असेल तर उत्तम. मास्क कान झाकणारा हवा, हनुवटीच्या खालपर्यंत उतरणारा हवा. फ्रेमवर किंवा काचेवर एएसटीएम एफ १७७६ असा शिक्का शोधा. पेंटबॉलच्या चष्म्यांसाठी असलेला तो अमेरिकी दर्जा आहे. पोहण्याचा गॉगल, मोटरसायकलचा गॉगल, शाळेच्या प्रयोगशाळेतला चष्मा, यांतलं काहीही या खेळात चालत नाही. दिसायला जाड असलं तरी नाही.

आतला फोम बघायला विसरू नका. तो सुटलेला असेल तर त्या फटीतून रंग आणि कवचाचे तुकडे आत येतात. शिवाय सकाळपासून पंधरा मुलांचा घाम त्यात मुरलेला असतो. पावसाळ्यात मुंबईत डोळे येण्याची साथ फिरत असते, तेव्हा तो फोम पुसून, वाळवून मग मुलाच्या तोंडाला लावा. डोळे आलेल्या मुलाला त्या रविवारी घरीच ठेवा, त्याच्यासाठीही आणि बाकीच्या नऊ जणांसाठीही.

आणि वाफ. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण याचा चटका मला घरातच बसला.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही सगळे एका ठिकाणी गेलो होतो. नातू तेव्हा अकरा वर्षांचा. मी गनचा वेग विचारला, गोळ्या ताज्या आहेत का ते बघितलं, पट्टे तपासले, काचेच्या कडा तपासल्या. एवढं करूनही एक गोष्ट सुटली. काच एकपदरी होती. चांगल्या मास्कमध्ये दोन पातळ काचा आणि मध्ये बंदिस्त हवा असते, त्यामुळे आतली काच थंड पडत नाही आणि श्वासाची वाफ धरत नाही. पावसात भिजलेली हवा, धापा टाकणारं पोरगं आणि एकपदरी काच. पाच मिनिटांत त्याच्यासमोर पांढरं धुकं. तो टायरांच्या थप्पीमागे बसला, त्याला वाटलं इथे आपण सुरक्षित आहोत, आणि त्यानं दोन बोटं घालून मास्क वर उचलला. नुसता नाकापर्यंत. मैदानाभोवतीच्या जाळीच्या बाहेरून मी ओरडलो, पण माझा आवाज पोचायच्या आत गोळी आली. गालाच्या हाडावर, खालच्या पापणीपासून बोटभर खाली. हिरवा रंग आणि त्याखाली फुगत जाणारा लाल गोल. तो वळ दोन आठवडे राहिला, आधी जांभळा, मग पिवळा. मी रोज सकाळी तो बघायचो आणि त्या बोटभर अंतराचा विचार करायचो. आयुष्यभर काचा हाताळणाऱ्या माझ्या नजरेतून तीच काच निसटली होती.

त्या दिवसापासून मी पालकांना सांगतो, "मास्क काढू नकोस" एवढंच मुलाला सांगून भागत नाही. दिसेनासं झालं तर काय करायचं तेही सांगा. जागच्या जागी खाली बसायचं, मोकळा हात डोक्यावर धरायचा, "मला दिसत नाही" असं ओरडायचं आणि पंच येऊन दंडाला धरून बाहेर नेईपर्यंत मास्कला बोट लावायचं नाही. बाद झालो तर झालो. याची घरी तालीम करून घ्या. पोहण्याचा गॉगल लावून मुलाला बिल्डिंगचे चार मजले दोनदा चढ-उतार करायला लावा. काच धुरकट होईल, हात आपोआप वर जाईल. तो हात खाली ठेवण्याची सवय जिन्यात लागली तर मैदानात टिकते. माझ्या नातवाची मी अशीच करून घेतली.

चष्मा लावणाऱ्या मुलांच्या पालकांनी थोडं जास्त लक्ष द्यावं. पोरं चष्मा खिशात ठेवून खेळायला जातात. उणे तीनच्या मुलाला दहा फुटांवरचा चेहरा धड दिसत नाही, मग नीट बघण्यासाठी तो मास्क उचलतो. चष्मा मास्कच्या आत घालूनच खेळायचं. हल्लीच्या मोठमोठ्या चौकोनी फ्रेमा आत मावत नाहीत, कानशिलाकडे फट पडते. जुनी लहान फ्रेम घरात पडलेली असेल तर त्यात चालू नंबरच्या पॉलिकार्बोनेटच्या काचा बसवून घ्या. खेळासाठी तोच चष्मा ठेवा. फुटू शकेल अशी खरी काच असलेला चष्मा मास्कच्या आत नको. कॉन्टॅक्ट लेन्स ज्यांना सवयीच्या आहेत त्यांना चालतील, पण वाढदिवसाच्या सकाळी पहिल्यांदा घालून बघू नयेत. आणि ज्या मुलाला एकाच डोळ्यानं नीट दिसतं, ज्याचा एक डोळा आळशी आहे, ज्याचा नंबर उणे सहाच्या पुढे आहे किंवा ज्याचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, त्याच्याबद्दल आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. ते नको म्हणाले तर मुलाला झेंडे मोजायचं किंवा वेळ धरायचं काम द्या. तेही जाळीबाहेरूनच.

जाळीबाहेर म्हटलं म्हणून आठवलं. बऱ्याच वेळा इजा होते ती खेळ संपल्यावर, पाणी प्यायच्या जागी. मास्क कपाळावर सरकवलेले, सगळे हसतायत, आणि कुणीतरी म्हणतं गन रिकामी आहे. वरचं गोळ्यांचं भांडं काढलं तरी एक गोळी नळीच्या मुळाशी बसलेली असू शकते. म्हणून नळीवर कापडी टोपी चढवायची असते, दोरीनं मागे अडकवलेली. टोपी चढल्याशिवाय त्या जागेत कुणीही मास्क काढायचा नाही. मैदानात अशा टोप्याच नसतील तर पैसे परत मागा आणि मुलांना वडापाव खायला घाला.

आता गन. यावर मी थोडक्यात बोलतो, कारण दुकानं आणि मित्र यावर भरपूर बोलतील.

विकत घेऊ नका. वर्षातून दोनदा खेळणाऱ्या मुलाला तिची गरज नाही, आणि घरात आली की ती मैदानाची राहत नाही, गॅलरीची होते. लोणावळ्याच्या डेला अ‍ॅडव्हेंचर पार्कसारख्या ठिकाणी किंवा शहराभोवतीच्या मैदानांवर गन, गोळ्या, पंच सगळं भाड्यात मिळतं. दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी लहान गोळीच्या, कमी जोराच्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या गन असतात. त्या आहेत का ते फोनवरच विचारा. नेहमीच्या गनचं वजन टाकी आणि गोळ्यांसकट तीन किलोच्या घरात जातं. लहान मुलाच्या हातात ती खाली झुकते, मग तो ती कुठेही रोखून धरतो. ट्रिगरभोवती कडं आणि सेफ्टीचं बटण हवंच. बऱ्याच गनमध्ये बटणाशी लाल कडं दिसलं म्हणजे गन सुटायला तयार. एवढं मुलाला आणि स्वतःला पाठ करून ठेवा.

वेग मोजायचं यंत्र मैदानावर असलं पाहिजे. वरची मर्यादा सेकंदाला ३०० फूट, मुलांसाठी त्याहून बरीच कमी ठेवायला सांगा. सकाळी मोजला म्हणून दुपारी तोच राहील असं नाही. कार्बन डायऑक्साइडची टाकी उन्हात तापली की दाब वाढतो आणि गोळी जोरानं सुटते. एप्रिल-मेमध्ये कर्जत-खोपोलीकडे जाणार असाल तर जेवणानंतर पुन्हा मोजायला लावा. गोळ्यांचंही तसंच आहे. जिलेटिन आपल्या पावसाळी हवेत ओलावा धरून फुगतं, तर जुनी, वाळलेली गोळी कडक होऊन फुटतच नाही आणि दुप्पट लागते. गोळी बोटात दाबून बघा, गोल आणि किंचित मऊ असली पाहिजे.

टाकीला मुलाचा हात लागू देऊ नका. गोल फिरवून काढायची असते ती आख्खी टाकी, पण चुकून तिच्या तोंडचा पितळी व्हॉल्व्हच टाकीपासून सुटत गेला तर टाकी बाणासारखी उडते. अमेरिकेत याने माणसं दगावलेली आहेत. त्यानंतर तिथे एक साधी युक्ती सांगितली गेली. व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्या जोडावर नेलपॉलिशची एक उभी रेघ ओढून ठेवायची. टाकी फिरवताना रेघेचे दोन भाग एकमेकांपासून सरकले की हात थांबवायचा. मैदानावरच्या टाक्यांवर अशी रेघ दिसली तर समजा, इथे कुणीतरी विचार करणारा माणूस आहे.

एवढं सांगूनही गन विकत घ्यायचीच असेल, तर शस्त्र कायदा १९५९ चा आणि त्याखालचे नियम २०१६ चे आहेत. "लायसन्स लागत नाही" या विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर न जाता आधी पोलीस ठाण्यात विचारा. आणि २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला पाहिलेल्या या शहरात खऱ्यासारखी दिसणारी गन लोकलमध्ये, रस्त्यावर, गच्चीत मुलाच्या हातात दिसता कामा नये. कुणी घाबरून काय करेल सांगता येत नाही.

मला पेंटबॉलपेक्षा जास्त धास्ती कशाची वाटते सांगू? फुटपाथवर आणि मोबाइलवर सहज मिळणाऱ्या, खेळणं म्हणून विकल्या जाणाऱ्या गनची. पाण्यात फुगवलेले जेलचे मणी मारणारी बॅटरीवरची गन आज बिल्डिंगच्या आवारात सर्रास दिसते. तिच्यासोबत कधी चष्मा येतो, तो तकलादू असतो, आणि लावत कुणीच नाही. मैदानावर निदान पंच असतो, मास्क असतो, जाळी असते. आवारात यातलं काही नाही, आणि समोरून दूध घेऊन आजी येत असते. मणी सात-आठ मिलिमीटरचे, म्हणजे डोळ्याच्या चौकटीत सहज जाणारे. घरात रांगतं मूल असेल तर आणखी भीती आहे. सुका मणी मोहरीएवढा असतो, पोटात गेला की आतड्यात फुगून वाट अडवतो आणि एक्स-रेवर उमटत नाही. ते मूल सारखं उलट्या करत असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा, घरात हे मणी आहेत.

आणि २०२५ च्या दिवाळीत भोपाळला आणि आसपास काय झालं ते विसरू नका. प्लॅस्टिकच्या पाइपात कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी घालून लायटरनं उडवायची दीड-दोनशे रुपयांची गन पोरांनी घेतली. उडाली नाही म्हणून पाइपात डोकावून बघितलं, आणि तेवढ्यात ती उडाली. मध्य प्रदेशात शंभराहून जास्त मुलं डोळ्यांच्या जखमा घेऊन हॉस्पिटलात गेली, काहींची नजर परत आली नाही. आपल्याकडच्या टिकल्यांच्या पिस्तुलाची सवय असलेल्या आई-बाबांना ते तसंच काहीतरी वाटलं असणार. ते तसं नाही. असला पाइप घरात दिसला तर त्याच दिवशी बाहेर काढा.

एवढी काळजी घेऊनही एखाद्याला लागलं तर? नुसता रंग उडून डोळ्यात गेला असेल तर स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा. पण मार बसला असेल तर पाणी नको, चोळणं नको, बर्फ दाबून धरणं नको, काजळ, मध, गुलाबपाणी काहीही नको. कागदी कपाचा तळाचा भाग कापून डोळ्यावर हलकेच ठेवा, कडा हाडावर टेकतील असा, आणि चिकटपट्टीनं बसवा. डोळ्यावर दाब पडू द्यायचा नाही. घरातली दुखण्याची गोळी देऊ नका, काहींनी रक्तस्राव वाढतो. ऑपरेशन लागू शकतं म्हणून खायलाही देऊ नका. मुलाला डोकं उंच ठेवून बसवा आणि निघा. दहा मिनिटांत दिसायला लागलं तरी निघा. परळला केईएम आहे, हाजी बच्चूअलीचं डोळ्यांचं धर्मादाय हॉस्पिटल आहे, भायखळ्याला जे. जे. आहे. कर्जतहून मुंबई गाठायला वेळ जाणार असेल तर वाटेत पहिला डोळ्यांचा डॉक्टर गाठा. बरं झाल्यावरही वर्षातून एकदा डोळ्याचा दाब मोजून घ्या, मूल मोठं होऊन नोकरीला लागलं तरी.

ते बाबा परवा पुन्हा आले. गन घेतली नाही. ज्या मैदानावर जायचं होतं तिथे फोन करून त्यांनी काचा कधी बदलल्या ते विचारलं, समोरच्याला सांगता येईना, तेव्हा दुसरं ठिकाण बघितलं. मुलासाठी दोन काचांचा मास्क मात्र विकत आणला होता. पोरानं माझ्या दुकानातल्या आरशासमोर तो जुन्या लहान फ्रेमवर चढवून पाहिला. डाव्या बाजूला कानशिलाशी काडी दाबत होती, ती मी थोडी गरम करून आत वळवली. मग त्याला दुकानाबाहेरच्या पायऱ्या पंचवीस वेळा चढायला लावल्या. काच स्वच्छ राहिली.

तुमच्याकडे मास्क असेल तर तोही घेऊन या. मी उजेडात धरून बघून देईन, त्याचे पैसे घेत नाही. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं, आणि जोराचा पाऊस झाला की हिंदमाताला पाणी भरतं, तेव्हा निघण्याआधी एक फोन करा.